घरामागच्या जागेवर रिझोनिंगचा बोर्ड लागलाय, हिअरिंगला जाऊन खरंच काही होतं का?

ॲशबर्नची_आई:
नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत आहोत, टाउनहोम घेऊन सहा वर्षं झाली. मागे झाडी आहे आणि तिच्यापलीकडे ऑफिससाठी ठेवलेली मोकळी जागा. गेल्या आठवड्यात मुलीला बस स्टॉपवर सोडताना तिथे काउंटीची पाटी दिसली, झोनिंग (जागा कशासाठी वापरायची त्याचा नियम) बदलून, म्हणजे रिझोनिंग करून, डेटा सेंटर (कॉम्प्युटर सर्व्हरची मोठी इमारत) करायचा अर्ज आहे आणि पुढच्या महिन्यात प्लॅनिंग कमिशनची (काउंटीला सल्ला देणाऱ्या समितीची) पब्लिक हिअरिंग आहे. एचओएच्या (आमच्या सोसायटीच्या) ग्रुपवर एकच चर्चा, "हे आधीच ठरलेलं असतं, जाऊन काय उपयोग". पण मला झोप लागत नाहीये हो, बेडरूमची खिडकी त्याच बाजूला आहे. आम्ही दोघंही अजून एच-वन व्हिसावर, मतदान करता येत नाही, मग आम्हाला बोलू देतात का? आणि दोन-तीन मिनिटांत बोलायचं तरी काय? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

मनासस_काका:
ताई, आधी महत्त्वाचं, बोलायला मतदार किंवा सिटिझन असावं लागत नाही. नाव नोंदवायचं, नंबर आला की उभं राहायचं. एच-वनवाले, ग्रीन कार्डवाले, भेटायला आलेले आई-बाबासुद्धा बोललेले मी पाहिलेत, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका.

आता उपयोगाचं. मी शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीत राहतो. आमच्याकडे पेजलँड लेनवर, मनासस बॅटलफील्ड या सिव्हिल वॉरच्या रणांगणाला लागून, साधारण २१०० एकरांवर डिजिटल गेटवे नावाचा डेटा सेंटरचा प्रकल्प आला. काउंटीच्या स्टाफने नको म्हटलं, प्लॅनिंग कमिशनने नको म्हटलं, तरी डिसेंबर २०२३ मध्ये बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने (काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने) ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं. मीटिंग चालली सलग २७ तास! मी त्यातले नऊ तास तिथे होतो, रात्री अडीचला एक आजी वॉकर घेऊन माइकपर्यंत गेल्या ते अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हा बोर्डाची मुदत संपत आली होती आणि नव्याने निवडून आलेले लोक जानेवारीत बसणार होते, त्यामुळे लोकांना जास्तच लागलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आसपासच्या घरमालकांनी केस केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जज्जनी ते रिझोनिंग रद्दबातल ठरवलं. कारण काय, तर हिअरिंगची पेपरातली जाहिरात कायद्यात सांगितली तशी दिली गेली नव्हती. ट्रॅफिक, आवाज, इतिहास यातलं काही नाही, फक्त नोटीस. पुढे अपील झालं ते वेगळं. म्हणून सांगतो, जागेवर लावलेल्या पाटीचा फोटो काढा तारखेसकट, पेपरातली जाहिरात कधी आली ते बघा, शेजारच्या मालकांना पत्र आलं का ते विचारा, सगळं जपून ठेवा. आणि व्हर्जिनियात बोर्डाच्या निर्णयाला आव्हान द्यायला फक्त ३० दिवस असतात, निकाल लागल्यावर वकील शोधायला बसलात तर उशीर होतो.

लीसबर्ग_जुना:
काकांनी सांगितलं त्यात भर. नोटिशीचं शस्त्र दोन्ही बाजूंनी चालतं. इथे लाउडनच्या बोर्डाने २००३ मध्ये पश्चिमेकडच्या शेतजमिनीवर घरांची संख्या कमी करणारे नियम आणले, बिल्डर आणि जमीनमालक कोर्टात गेले आणि २००५ मध्ये व्हर्जिनिया सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले, का, तर नोटिशीत नेमकं काय बदलणार हे नीट लिहिलं नव्हतं. म्हणजे वाढ रोखायला आणलेला नियमसुद्धा तिथेच अडकला.

मी १९९९ ला आलो तेव्हा काउंटीत पावणेदोन लाखसुद्धा लोक नव्हते, २०२० च्या जनगणनेत ४ लाख २० हजारांवर. एवढ्या लोकांना शाळा, रस्ते, फायर स्टेशन कुठून? माझं मत इथे बऱ्याच जणांना आवडत नाही, पण डेटा सेंटरच्या टॅक्सनेच आपला प्रॉपर्टी टॅक्स खाली ठेवलाय. घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे २०१३ ला १.२०५ डॉलर होता, २०२५ ला ०.८०५. त्यामुळे नुसतं "नको" म्हटलं तर सुपरवायझर ऐकून घेतात आणि सोडून देतात, "इथे का नको" हे सांगावं लागतं. बोर्डालाही काळजी आहेच, मार्च २०२५ मध्ये त्यांनी पूर्वी काही झोनमध्ये डेटा सेंटर आपोआप बांधता यायचं ते बंद केलं. आता स्पेशल एक्सेप्शन (त्या जागेपुरती खास परवानगी) लागतं आणि त्याची हिअरिंग होते, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकायला आता जास्त जागा आहे.

ब्रॅम्बलटन_रश्मी:
मी तीन हिअरिंगमध्ये बोललेय, म्हणून बोलायचं काय ते लिहिते. पहिल्या वेळी भावनेच्या भरात सगळं बोलले, कोणी एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या वेळी अर्जातलं आवाजाचं पान घेऊन गेले आणि जनरेटरची चाचणी कधी, किती वेळ, माझ्या हद्दीवर किती डेसिबल, एवढंच विचारलं, तर कमिशनरने तिथल्या तिथे अर्जदाराच्या वकिलाला उभं केलं. अर्ज काउंटीच्या लोला या ऑनलाइन सिस्टिममध्ये बघता येतो. फाइलवर स्टाफ प्लॅनरचं नाव असतं, त्यांना मेल करा, उत्तर देतात.

प्रॉफर हा शब्द लक्षात ठेवा. रिझोनिंग मिळावं म्हणून अर्जदार स्वतःहून ज्या अटी लिहून देतो त्या, आणि मंजुरीनंतर त्या जमिनीलाच चिकटतात, मालक बदलला तरी. झाडांचा पट्टा किती फूट, उंची किती, चाचणी फक्त दिवसा, हे सगळं हिअरिंगच्या आधी मागायचं कारण नंतर मागायला जागाच उरत नाही. आणि हाय टेन्शन लाईनचं या हिअरिंगमध्ये बोलून फार उपयोग नाही, तो निर्णय काउंटी घेत नाही, रिचमंडला स्टेट कॉर्पोरेशन कमिशन घेतं, तिकडे वेगळं लिहावं लागतं.

आपल्याकडे हरकती आणि सूचना असतात ना, तसंच हे. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला तेव्हाच मागे घ्यावा लागला. आपली माणसं तिथे जाऊन भांडली, इथे येऊन आपण गप्प का बसतो हे मला खरंच कळत नाही.

मनासस_काका:
रश्मीताईंचं एकदम बरोबर, अजून एक राहिलं. आमच्याकडे खरी लढाई २०२२ मध्ये हरली होती. काउंटीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनमध्ये (कुठली जमीन कशासाठी त्याचा आराखडा) त्या जमिनीचा नकाशातला रंग, म्हणजे वापर, तेव्हाच बदलला, रिझोनिंग वर्षभराने आलं. तुमच्या जागेबद्दल प्लॅनमध्ये काय लिहिलंय ते आजच वाचा ताई. ऑफिस लिहिलं असेल तर तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच, कारण अर्जदार प्लॅनच्या विरुद्ध मागतोय आणि सिद्ध त्याने करायचंय.

ॲशबर्नची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुली झोपल्यावर फाइल उघडली. प्लॅनमध्ये आमच्या मागच्या जागेवर ऑफिस आणि दुकानंच आहेत, डेटा सेंटर नाही. जनरेटरच्या चाचणीची वेळ अर्जात कुठेच सापडली नाही आणि झाडांचा पट्टा आमच्या बाजूला सगळ्यात अरुंद दाखवलाय. प्लॅनरला सकाळी मेल टाकला. एचओएच्या ग्रुपवर ते पान टाकलं तर जे "काय उपयोग" म्हणत होते त्यातलेच दोघं येतो म्हणाले, एक तेलुगू कुटुंब आणि कोपऱ्यावरचे रिटायर्ड आजोबा पण. शनिवारी लायब्ररीत बसतोय, कोण कुठल्या मुद्द्यावर बोलणार ते वाटून घ्यायला. रश्मी, तुमचं ते आवाजाचं पान पाठवाल का?