मदत हवी आहे : फरच्या हंगामापूर्वी नव्या सापळ्यांची तयारी

नमस्कार. मी कॅनडातील उत्तर अल्बर्टात राहतो आणि सापळे लावण्याचे सक्तीचे प्रशिक्षण पूर्ण करून यंदा एका वयस्कर परवानाधारकांच्या हाताखाली प्रथमच बीव्हर (पाण्यात राहणारा मोठा कृंतक प्राणी) व मार्टेन (मुंगसासारखा दिसणारा, दाट फरचा लहान प्राणी) यांच्या हंगामाची तयारी करत आहे. ३३० क्रमांकाच्या (मोठ्या आकाराच्या) नव्या कोनिबेअर सापळ्यांवरील, म्हणजे प्राण्याच्या अंगावर मिटून त्याला मारणाऱ्या चौकटीच्या सापळ्यांवरील, कारखान्यातले तेल मी उकळून काढले आहे; लॉगवुडच्या (एका झाडाच्या लाकडापासून काढलेल्या) रंगात ते पुन्हा उकळण्यापूर्वी त्यांवर हलका गंज चढावा लागतो, तर त्यासाठी ते किती दिवस उघड्यावर टांगावेत? पाय पकडणाऱ्या सापळ्यांना नंतर मेण देतात, मात्र कोनिबेअरची कळ मेणाने निसरडी होऊन तो मांडतानाच हातावर मिटू शकतो, म्हणून (बोटे प्रिय असल्याने) मी तेथे मेण वापरणार नाही. मार्टेनची कातडी ताणण्याच्या फळ्यांसाठी कोणते लाकूड घ्यावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.