मदत हवी आहे: दवबिंदूच्या (किडे खाणारं झाड) टिश्यू कल्चरमध्ये प्लंबाजिन (औषधी पिवळं द्रव्य) वाढवायचंय, पण काइटोसान टाकलं की झाडंच काळी पडून राहिली

नमस्कार मंडळी, मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावच्या कॉलेजात बॉटनी शिकवतो. आमच्या धानाच्या धुऱ्यावर पावसाळा सरला की जो दवबिंदू उगवतो ना, ड्रॉसेरा बर्मानी, लाल चिकट नाणं जमिनीला चिकटून बसल्यासारखं दिसते ते, त्याच्या चार बोंडातलं बी आणून हायपोक्लोराइटनं धुऊन बाटलीत लावलं. जंगलातून झाडं उपटून औषध काढणं मला पटत नाही, म्हणून हा उद्योग. अर्ध्या ताकदीचं एमएस (टिश्यू कल्चरचं नेहमीचं खाद्य-मिश्रण, म्हणजे मीडिया), 2 टक्के साखर, पीएच 5.7, यात मस्त गुच्छ झाले.

आता खरी अडचण. याच्यात प्लंबाजिन असते, तेच जे आपल्या चित्रकाच्या मुळात असते, पण झाडच एवढंसं, निघणार किती? वाचलं की काइटोसान दिलं तर झाडाला वाटते किडा आला (किड्याच्या कवचात असते त्याच काइटिनपासून बनते ना ते) आणि ते औषध जास्त बनवते. म्हणून 1 टक्का अॅसेटिक अॅसिडमध्ये काइटोसान विरघळवून, पीएच सेट करून झाल्यावर ते मीडियात टाकलं, लिटरला 150 मिलिग्रॅम पडेल असं, आणि नवीन गुच्छ लावतानाच दिलं. आठवड्यात पानांवरच्या चिकट केसांची टोकं काळी, मग पानं. आगरही (मीडिया घट्ट करायला टाकतो ते) पातळच राहिलं, मला वाटलं मे महिना आहे, लाइन जाते, रूम तापते, त्यानं असेल.

ओव्हनमध्ये वाळवून, अर्क काढून टीएलसी (पातळ थरावर अर्कातली द्रव्यं वेगळी करून डाग बघायची चाचणी) केली तर दर ग्रॅममागे पिवळा डाग दुपटीच्या आसपास गडद दिसला, पण बाटलीतलं झाडाचं वजनच निम्मं, म्हणजे हाती तेवढंच आलं बावा! एचपीएलसी (नेमकं प्रमाण मोजणारं मशीन) आमच्याकडे नाही. काइटोसान कमी करू, की यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वापरू, की चुकीच्या वेळी देऊन राहिलो?

प्रतिसाद १
सर, काइटोसानला शिव्या देण्याआधी पीएच परत मोजा. अॅसिडचा स्टॉक शेवटी टाकला तर पीएच खाली जातो, आणि पीएच पडला की आगर बसत नाही, मे महिन्याचा काही दोष नाही त्यात. स्टॉक टाकून मग पीएच सेट करायचा. आणि एक सेट नुसत्या अॅसेटिक अॅसिडचा ठेवा, तो पण काळा पडला तर उत्तर मिळालंच. दुसरं म्हणजे लावतानाच काहून देता? आधी साध्या मीडियात गुच्छ पूर्ण वाढू द्या, वाढ थांबत आली की लिक्विड मीडियात हलवून मग काइटोसान किंवा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट द्या, आणि दर एक-दोन दिवसांनी एक बाटली काढून बघा. पीक आधी, मार नंतर.

प्रतिसाद २
ओव्हनमध्ये का वाळवलं भाऊ? प्लंबाजिन उष्णतेनं उडून जाते. ताज्या पानांचाच अर्क काढा, अंधारात ठेवा. आणि पानं लाल झाली म्हणून खुश होऊ नका, तो लाल रंग अँथोसायनिनचा (वेगळंच रंगद्रव्य), प्लंबाजिनचा नाही. टीएलसीच्या पिवळ्या डागावर अल्कली फवारा, गुलाबी-जांभळा झाला तर बऱ्यापैकी खात्री. सोबत चित्रकाच्या मुळीचा अर्क चालवा, फुकटचं स्टँडर्ड आहे ते.

मूळ लेखक
आत्ताच उरलेल्या बाटलीतला मीडिया वितळवून मोजला, 4.4 निघाला 🤦 ओव्हन तर 60 वर रात्रभर होता. म्हणजे ती दुप्पट पण खरी धरू नये ना? चित्रक घरामागंच आहे, उद्या मुळी खणतो. गुच्छ लिक्विडमध्ये टाकले तर शेकर लागेलच का, की बाटली हातानं हलवून भागेल? लाइन गेली की शेकर बंदच असतो आमचा.