उरलंसुरलं वापरून बेकिंग : पाण्याचा आणि सोड्याचा हिशोब कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे, पण एखाद्या ठरावीक पाककृतीसाठी नाही. घरात जे उरलेलं असतं तेच घालून केक, मफिन किंवा पाव करायचा, तर मोजमापं कशी बदलायची हे मला नीट समजून घ्यायचंय. पाककृती शोधायला गेलं की प्रत्येकीसाठी काहीतरी नवीन विकत आणावं लागतं. मग उरलेलं संपवायचा हेतूच बाजूला राहतो.

सध्या घरात आहे ते असं : साल काळी पडलेली तीन केळी, आंबट झालेलं कपभर दही, शिळा पाव, फ्रिजमध्ये ठेवलेले शिजवलेले ओट्स, दोन उकडलेले बटाटे. अंडं एकच. मैदा थोडा, कणीक भरपूर. बेकिंग पावडर तळाला गेलीय, खायचा सोडा मात्र आहे.

माझा सध्याचा केक असा : 200 ग्रॅम पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक), तिन्ही केळी (सोलून साधारण 300 ग्रॅम), 240 ग्रॅम दही, 1 अंडं, 80 मिली तेल, 150 ग्रॅम साखर आणि छोटा चमचाभर सोडा. खोल भांड्यात 180 अंश सेल्सिअसला भाजते. वरून छान तांबूस होतो, कडा शिजतात, पण मधला भाग खाली बसतो आणि गिच्च राहतो. शिवाय मागे साबणासारखी एक चव रेंगाळते. वेळ वाढवला तर कडा कोरड्या पडतात.

प्रश्न :
केळं आणि दही दोन्ही घातलं तर सोडा वाढवायचा का?
पावाचा चुरा पिठाऐवजी किती चालतो?
दोन अंड्यांच्या जागी एकच असेल तर काय करावं?
बटाटा आणि ओट्स केकमध्ये घालावेत की यीस्टच्या पावात?

शक्यतो कारणासकट सांगा. कारण कळलं की पुढच्या वेळी फ्रिजमध्ये दुसरं काही असलं तरी मला ते जमवता येईल.

प्रतिसाद १

आधी पाणी मोजू. पिकलेल्या केळ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणजे 300 ग्रॅममध्ये सव्वादोनशे. दह्यात त्याहून जास्त, त्यामुळे 240 ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास. अंड्याचं धरलंच नाही तरी पाणी पिठाच्या दुपटीच्या वर गेलं. एवढं पाणी त्या पिठाला पेलवत नाही, म्हणून गाभा गिच्च. केळं घट्ट दिसतं त्यामुळे ते ओल्या जिन्नसांत धरायचं राहून जातं, पण मी ते कायम तिथेच मोजते.

मफिनसाठी वजनाचं ढोबळ प्रमाण लक्षात ठेवा : पीठ 2 भाग, द्रव 2, अंडं 1, तेल किंवा लोणी 1. तुमच्या सामानातून मी असं करेन : पीठ 200, केळी 200, दही 120, अंडं 1, तेल 80, साखर 90 ते 100. साखर कमी करायची दोन कारणं. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणजे गोडी आधीच आलेली असते. आणि साखर जास्त असली की पिठातला स्टार्च शिजायला जास्त तापमान लागतं, म्हणून मधला भाग उशिरा धरतो. तिसरं केळं सोलून फ्रीझरमध्ये टाका.

आता सोडा. तो आंबटपणा बघून वाढवत नेऊ नका, पीठ बघून घाला. कपभर पिठाला (साधारण 125 ग्रॅम) पाव छोटा चमचा सोडा आणि त्याच्या जोडीला अर्धा कप आंबट दही, एवढं पुरतं. तुमच्या 200 ग्रॅमला अर्धा छोटा चमचा, तोही सपाट. असेल तर वर थोडी बेकिंग पावडर. जास्तीच्या सोड्याला आंबट भेटत नाही, तो तसाच उरतो. साबणाची चव त्याचीच, आणि केक गडद होतो तोही त्याच्यामुळे. शिवाय मिश्रण भराभर फुगतं आणि आतून धरायच्या आत खाली बसतं. दह्याचा थोडा आंबटपणा शिल्लक राहिला तर राहू दे, चवीला तो चांगलाच लागतो.

एका अंड्याची जागा 50-60 ग्रॅम कुस्करलेलं केळं भरतं, पण फक्त ओलाव्यापुरती. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन केकला उभं धरतात, ते काम केळं करत नाही. म्हणून एकच अंडं असेल तेव्हा खोल भांडं नको. मफिनच्या वाट्या किंवा पसरट ट्रे घ्या, गाभ्यापर्यंत उष्णता लवकर पोचते.

प्रतिसाद २

पावाबद्दल. पाव शिळा होतो तो फक्त सुकून नाही, त्यातला शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट रचना धरतो. फ्रिजमध्ये हे आणखी लवकर होतं, म्हणून पाव बाहेर तरी ठेवावा नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. चुऱ्यातलं ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नव्याने जाळं विणत नाही, त्यामुळे केकमध्ये पिठाच्या एक चतुर्थांशापर्यंतच घाला. इथे 200 पैकी 50 ग्रॅम. चुरा पाणी भरपूर पितो, तेव्हा तो आधी दह्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा. सोडा पिठात मिसळून अगदी शेवटी घाला आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवा, कारण दह्याला लागताक्षणी त्याचं काम सुरू होतं. मिश्रण फेटत बसू नका, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा.

पावावर बुरशीचा ठिपका असेल तर तेवढाच तुकडा कापून उरलेला वापरू नका. तंतू आत पसरलेले असतात. आणि शिजवलेलं धान्य बरेच तास बाहेर राहिलं असेल तर ते भाजल्याने सुरक्षित होत नाही. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचं एक विष ओव्हनच्या उष्णतेतही टिकतं. तुमचे ओट्स शिजवल्यावर लवकर फ्रिजमध्ये गेले असतील तरच घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दही आणि केळं दोन्ही पूर्ण संपवायच्या नादात पाणी वाढत होतं, हे आकडे बघून स्वच्छ दिसलं. ओट्स त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवले होते. आता फक्त बटाट्याचं आणि ओट्सचं सांगा, यीस्ट आहे घरात.

प्रतिसाद २

दोन्ही पावातच घाला, तिथे ते जास्त शोभतात. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाव मऊ राहतो आणि शिळाही उशिरा होतो. पिठाच्या वजनाच्या पाव भागाइतका कुस्करलेला बटाटा, म्हणजे 400 ग्रॅम पिठाला 100. ओट्सही तेवढेच, पण एका वेळी दोन्हींपैकी एकच. सगळं पाणी सुरुवातीला ओतू नका, निम्म्याने सुरू करून हाताला लागेल तसं वाढवा. मळताना पीठ चिकटच लागेल, तरी वरून कोरडं पीठ घालत जाऊ नका. झाकून वीस मिनिटं ठेवा, मग मळा. बटाटे मीठ घालून उकडले असतील तर पावातलं मीठ तेवढं कमी करा.