'लीगलिझम'ला मराठीत काय म्हणावं? कृपा, नियमशास्त्र, कर्मठपणा

प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मंडळीच्या बायबल अभ्यासासाठी पौलाच्या गलतीकरांस पत्रावर टिपण लिहीत आहे. 'लीगलिझम'साठी, म्हणजे नियम पाळूनच देवापुढे नीतिमान ठरता येतं या वृत्तीसाठी, शब्द अडला आहे. आमच्याकडे 'नियमशास्त्र विरुद्ध कृपा' असंच शीर्षक देतात. 'कायदेवाद' फार घडवलेला वाटतो. काय लिहू?

प्रतिसाद

'नियमशास्त्र' इथे अजिबात नको. मराठी बायबलमध्ये तो शब्द मोशेच्या नियमशास्त्राचा आहे आणि त्याला पौल स्वतः पवित्र म्हणतो (रोमकरांस पत्र, म्हणजे रोम. ७:१२). स्तोत्र ११९ ची १७६ वचनं त्याच नियमशास्त्राची गोडी गातात. त्याला कृपेचा वैरी ठरवलं तर अर्धं बायबल नाकारल्यासारखं होईल. पौलाची तक्रार नियमाबद्दल नाही. नियम पाळल्याच्या बळावर देवापुढे हक्क सांगणं आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवणं, याबद्दल ती आहे. या वृत्तीला मराठीत शब्द आहे: कर्मठपणा. हिंदीत 'कर्मठ कार्यकर्ता' ही स्तुती असते. मराठीत मात्र 'कर्मठ' म्हटलं की सोवळंओवळं डोळ्यांपुढे येतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

अंत्युखियातला प्रसंग बघा (गलती. २). पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमातल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली आणि तो भीतीने पंगतीतून मागे सरला. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले, बर्णबासुद्धा गेला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला खडसावलं. पंगतीतून उठून जाण्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद

कर्मठपणा पटला. माझी अडचण 'कृपे'बद्दल आहे. 'साहेबांची कृपा' म्हणतो तेव्हा त्यात मिंधेपणा येतो, आज ना उद्या उपकार फेडावे लागणार असं वाटतं. त्यापेक्षा 'अनुग्रह' बरा नाही का?

प्रतिसाद

'अनुग्रह' सुंदर शब्द आहे, पण मराठीत तो गुरूकडून घेतात, म्हणजे त्यात दीक्षेचा अर्थ मुरलेला आहे. 'कृपा'च ठेवा. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत मरिया 'कुर्पेन भरलेली' आहे, म्हणजे शेजारच्या भाषेतही हाच शब्द रुजलेला आहे. मिंधेपणाची शंका मात्र खरी आहे आणि तिचं उत्तर टिपणात द्यायलाच हवं. त्यासाठी रोम. ४:४ घ्या. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती त्याचं येणं असतं. म्हणून कृपेचा विरुद्धार्थी शब्द 'नियम' नाही, 'मजुरी' आहे. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात दिवस संपता संपता आलेल्या मजुरालाही पुरा दिनार मिळतो, आणि कुरकुरतात ते सकाळपासून राबलेले. त्यांच्या कराराचा एक पैसाही बुडालेला नसतो. त्यांना टोचतो तो मालकाचा चांगुलपणा.

पंडिता रमाबाईंची साक्षही इथे घ्यावी असं मला मनापासून वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. १९०७ च्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे आपल्याला आठ वर्षांनी कळलं. बुद्धीला पटलेला धर्म त्या प्रामाणिकपणे आचरत होत्या. अशा बाईला हे उमगावं आणि तिने ते उघडपणे लिहावं, याहून कृपेची मोठी व्याख्या मला ठाऊक नाही.

प्रतिसाद

मग उपवासकाळ, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं), रविवारची उपासना हे सगळं कर्मठपणात जमा करायचं का? आमच्याकडे तरुण मुलं तेच म्हणतात.

प्रतिसाद

नाही. कृपा म्हणजे सूट नव्हे. रोम. ६ ची सुरुवातच 'कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का?' या प्रश्नाने होते आणि पौल तिथल्या तिथे 'नाही' म्हणतो. मला सगळ्यात बोलकी वाटते ती तीत आणि तीमथ्य या पौलाच्या दोन सहकाऱ्यांची जोडी. यरुशलेमात तीताची सुंता व्हावी असा दबाव आला तेव्हा पौल क्षणभरही नमला नाही. त्याच पौलाने पुढे तिथल्या यहूद्यांचा विचार करून तीमथ्याची सुंता स्वतः केली (प्रेषितांची कृत्ये १६). विधी एकच. एका ठिकाणी ती तारणाची अट होऊ पाहत होती, दुसऱ्या ठिकाणी सेवेसाठी आपखुशीने घेतलेलं ओझं होतं. उपवास करणारी आजी कर्मठ नसते. शेजारणीने उपवास केला की नाही यावरून तिचा विश्वास जोखणारी कर्मठ. काही मंडळ्यांत दागिने घालणाऱ्या बाईला प्रभुभोजनाला बसताना अवघडल्यासारखं होतं. मला तो कर्मठपणाच वाटतो, मग त्यामागचा हेतू साधेपणाचा का असेना.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरणही बघा. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्या पुन्हा नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही आपलं सोवळं पाळत होत्या. टिळकांनी ते मोडायला लावलं नाही. पुढे त्यांनी ते स्वतःच्या विचाराने सोडलं.

आणखी एक, टिपणात 'कृपेला अंतरणे' येईल तिथे जपा. बोलताना आपण हा प्रयोग पापात पडलेल्या माणसाबद्दल करतो. गलती. ५:४ मध्ये पौल तो वापरतो नियमशास्त्राने नीतिमान ठरू पाहणाऱ्यांबद्दल, म्हणजे मंडळीत सगळ्यात काटेकोर दिसणाऱ्यांबद्दल. तुम्हीही त्याच अर्थाने वापरा.