तो थर्मास नाहीये हो!

वर कुणीतरी म्हटलंय की १९४०च्या फोटोतल्या जर्मन सैनिकाच्या कमरेमागे लटकलेला तो लांबट पत्र्याचा डबा म्हणजे थर्मास, तर नाही हो, तो गॅस मास्कचा डबा आहे, फोटो जरा झूम करा, अंगावर उभ्या पन्हळी दिसतील आणि खांद्यावरून आलेला पट्टा. झाकणाच्या आत छोटा कप्पा असायचा, त्यात डोळ्यांच्या काचांवर वाफ धरू नये म्हणून जादा चकत्या. पाण्याची बाटली वेगळी, तिला फेल्टचं कव्हर नि तोंडावर पेला, ती ब्रेडबॅगला, म्हणजे खाण्याचं सामान ठेवायच्या पिशवीला अडकवलेली. छातीवरची चपटी पिशवी दिसतेय? त्यात घडी केलेली गॅस शीट, म्हणजे विषारी रसायन अंगावर पडू नये म्हणून वरून ओढायची चादर. त्यांच्या रणांगणावर विषारी गॅस जवळजवळ आलाच नाही म्हणा, मग काहीजण मास्क काढून डब्यात भलतंच काहीतरी कोंबायचे :)