मदत हवी आहे: ऑफिससाठी आय-५ लॅपटॉप घेऊ का? संध्याकाळपर्यंत सांगा

आडत_कळमना
नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) डेलचा एक लॅपटॉप पाहून ठेवला आहे. आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. दिसायला एकदम चकाचक. दुकानदार म्हणतो कंपनीतला माल आहे, डोळे मिटून घ्या. २४ हजार सांगून राहिला, आज टोकन द्यायचं आहे. ऑफिसचंच काम आहे. घेऊ की नको, एवढंच सांगा जी. लेक्चर नको.

एक्सेलवाली_ताई
भाऊ, आय-५ तर २००९ पासून निघून राहिले. कोणती जनरेशन, म्हणजे कितवी पिढी? मॉडेल नंबर काय? आणि ऑफिसचं काम म्हणजे नेमकं काय?

आडत_कळमना
ऑफिसचं म्हणजे ऑफिसचं. टॅलीत हिशेब, माल पाठवायची ई-वे बिलं, व्हॉट्सॲप. जनरेशन माहीत नाही, स्टिकरवर आय-५ लिहिलं आहे.

थिंकपॅड_भक्त
डेल कायले घेता बाप्पा? लेनोवोचा थिंकपॅड घ्या. माझ्या टी४८० च्या कीबोर्डवर अख्खा कप चहा सांडला, खालच्या भोकांतून निघून गेला. पुसला आणि कामाला लागलो. टी१४ पाहा.

बर्डीकर_रिपेअर
चहाचं ठीक आहे, पण बऱ्याच टी१४ मध्ये रॅमचा एक भाग मदरबोर्डावरच सोल्डर केलेला असतो. तो गेला की बोर्डच काढावा लागतो.
आडतवाले भाऊ, स्टिकर पाहू नका, ते वेगळे विकत मिळतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. आय-५ च्या पुढचा आकडा वाचा. ७२०० असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी, ११३५ असेल तर अकरावी जनरेशन. आठवीच्या खालच्यांना, एखादा अपवाद सोडला तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट बंद. बँकेचं काम त्याच मशीनवर करणार ना?

पुण्याहून_वाचक
मुळात सेकंड हँड का? नवीन घ्यावा, वॉरंटी मिळते. मॅकबुक एअर बघा, पंखाच नाही, काडीचा आवाज नाही.

एक्सेलवाली_ताई
मॅकवर टॅली चालवून दाखवा, मग बोलू.

लिनक्स_आणि_मी
विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स टाका, फुकट आहे. विंडोजची कटकटच मिटली.

थिंकपॅड_भक्त
यांच्या मुनीमजींना उबुंटू शिकवायला तुम्ही येता का कळमन्याच्या बाजारात?

आडत_कळमना
मुनीमजीच बसणार आहेत त्यावर, मी नाही. उबुंटू-फिबुंटू नको.

एक्सेलवाली_ताई
मग हे आधी सांगायचं ना! १४ इंची असेल तर बाजूचं नंबर पॅड नसणार. दिवसभर आकडे मारणारा माणूस वरच्या ओळीतले अंक दाबत बसला की दुसऱ्या दिवशी तुमच्याच नावानं बोंबलतो. एक तर १५.६ इंची नंबर पॅडवाला घ्या, नाही तर यूएसबीचं वेगळं नंबर पॅड लावा, स्वस्तात मिळतं.

तर्रीपोहे
बर्डीवर आलेच आहात तर सावजी खाऊन जा. कुठलं चांगलं ते व्यनि (खाजगी निरोप) करतो.

बर्डीकर_रिपेअर
सावजी नंतर. आधी बॅटरी. दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाका. फाइल बनते. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) पाहा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवी बॅटरी धरूनच भाव करा.
कंपनीतला माल असेल तर डोळ्यांसमोर रिसेट करायला लावा आणि मोबाइलचं नेट जोडा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला तर मशीन त्यांच्याच ताब्यात आहे. उठून या. चालू करताना एफ२ दाबून बायोस (विंडोजच्या आधीचं सेटिंग) उघडा, पासवर्ड मागितला तरी तेच.
बिल फर्मच्या नावानं आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या. कच्ची चिठ्ठी नको.

आडत_कळमना
पाहिलं. आय-५ ११३५जी७. मागे लॅटिट्यूड ५४२० लिहिलं आहे. बॅटरीचं डिझाइन ६३ हजार mWh च्या आसपास, फुल चार्ज ३८ हजार. रिसेट केलं तर कुठल्या कंपनीचं नाव आलं नाही. बायोस उघडलं. नंबर पॅड नाही.

बर्डीकर_रिपेअर
म्हणजे अकरावी. ५४२० मध्ये रॅमचे दोन स्लॉट असतात, दुसरा रिकामा असेल तर आणखी ८ टाकता येईल. नेटची वायर लावायचं लॅनचं भोकही आहे. बॅटरी ६० टक्क्यांवर आहे, तेवढं कमी करायला लावा. आणि ऑफिस मिरची बाजाराच्या बाजूला असेल तर मागची जाळी दर उन्हाळ्याआधी साफ करून घ्या. तिकडच्या मशीनच्या पंख्यातून लाल भुकटी निघते, उघडताना मलाच शिंका येतात.

थिंकपॅड_भक्त
तरी मी थिंकपॅडच म्हणेन.

आडत_कळमना
दुकानदार २२ वर आला, नंबर पॅड फुकट देतो म्हणतो. बिल मात्र "उद्या देतो".

एक्सेलवाली_ताई
मग पैसेही उद्याच द्या.

नवा_सदस्य
माझा प्रिंटर पांढरे कागद काढून राहिला. इथे विचारू का?