रिमॅप केलेल्या टर्बो गाडीत थंड स्पार्क प्लग टाकायचा का? माझं मत, नाही

धामणगाव_टीएसआय
राम राम मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय (एक लिटरचं टर्बो इंजिन), तीन सिलिंडर, कंपनीतून ११० पीएस (ताकदीचं माप, जवळपास एचपीच). दिवाळीत रिमॅप केला (ताकद वाढवायले इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली), डाउनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप) बदलला, ट्यूनरच्या हिशोबानं आता १३५ च्या आसपास. तिसऱ्या गिअरात फुल दाबली की ३ हजार आरपीएमवर झटके मारे, इंजिन लाइट लुकलुके. प्लग बदलाची वेळ आलीच होती, अन् ज्याले विचारलं तो एकच सांगते, भाऊ टर्बो हाय, वऱ्हाडचा उन्हाळा हाय, एक नंबर थंड टाक. मी नाही टाकले, कंपनीच्याच हीट रेंजचे (प्लग गरमी किती लवकर सोडते त्याचा नंबर) इरिडियम धातूच्या टोकाचे टाकले, काहून ते सांगतो.

थंड प्लग म्हणजे ठिणगी थंड नाही. आतलं चिनीमातीचं पांढरं नाक आखूड असते, म्हणून टोकाची गरमी लवकर हेडमध्ये उतरते. टोक ४५०-५०० डिग्रीच्या वर गेलं तरच काजळी जळून साफ होते, अन् ८०० च्या वर गेलं की ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटते. आता माझी गाडी चालते कुठं, तर घर ते वावर ४ किलोमीटर, तिथून बाजार समिती, इंजिन धड गरम होत नाही तोच बंद. जुने प्लग काढून पाहिले, दोघांचं नाक बदामी पण तिसऱ्याच्या बुडाशी काळी मखमल, म्हणजे काजळी. हे कंपनीच्या रेंजवर! थंड टाकले असते तर तिन्ही काळे झाले असते. झटक्याचं कारण वेगळंच निघालं, प्लगची टोकं झिजून गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.९ मिमी झाला होता. नवे ०.६५ वर लावले अन् झटके गेले.

समृद्धीवाला_कारंजा
दादा, तुझं मत मले पटत नाही अन् हे मत वाचून कोणी इंजिन घालवू नये म्हणून लिहून रायलो. काजळी धरली तर प्लग बदलता येते, पिस्टनले भोक पडलं तर काय करशील? मी समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, महिन्यातून चारदा नागपूर करतो, मे महिन्यात ४५ डिग्री, गाडीत चार माणसं, एसी फुल, १२० वर तास-तास. माझ्या मामेभावाच्या रिमॅप गाडीचा प्लग मी स्वतः हातात घेऊन पाहिला, नाक जास्त तापून चुन्यासारखं पांढरं अन् त्यावर मोहरीहून बारीक करडे ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

अन् तुम्ही लोक सांगता ना की ७५ ते १०० एचपी वाढली की एक पायरी थंड, तर तो नियम मोठ्या इंजिनच्या हिशोबाचा वाटते. एक लिटरच्या तीन सिलिंडरवर २५ म्हणजे जवळजवळ पावपट वाढ झाली. हे थोडं नाही.

धामणगाव_टीएसआय
पावपट वाढीचा मुद्दा खरा, तो मी लिहायले पाहिजे होता. पण ते ठिपके नॉकिंगचे (सिलिंडरात पेट्रोल आपोआप, भलत्या वेळी फुटते ते) हायेत. नॉकिंग प्लग बदलून जात नाही, ते मॅप अन् पेट्रोलचं दुखणं. बाहेर ३० च्या जागी ४५ डिग्री असले तर ते १५ डिग्री सरळ प्लगच्या टोकाले जात नाहीत. इंटरकूलरमधून (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) हवा गरम येते, नॉक वाढते, मंग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागं घेते. ट्यूनरनं मॅप जास्त ऑक्टेनच्या (नॉकिंग कमी करणाऱ्या) पेट्रोलवर बांधला अन् आपण खेड्यातल्या पंपावरचं साधं भरलं तर थंड प्लग काय करन? मी मॅप इथल्या पंपाच्या पेट्रोलवर परत बांधून घेतला, ताकद थोडी कमी झाली, चालते.

पुलगावचा_मिस्त्री
दोघंही हीट रेंजवर भांडून रायले, माझ्याकडं येणाऱ्या दहा टर्बो गाड्यांत झटक्याचं कारण बहुतेक वेळा गॅपच असते. बूस्ट (टर्बो हवा कोंबते तो दाब) वाढला की सिलिंडरात दाब वाढते, दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायले कॉइलले जास्त व्होल्टेज लागते, नाही जमलं की मिसफायर, म्हणजे पेट्रोल पेटतच नाही. गॅप फिलर गेजनं (फट मोजायचं पातळ पत्र्याचं माप) पाहा, इरिडियमचा मधला काटा बारीक असते, त्याले टेकवून पट्टी वाकवू नका, तुटते. फक्त बाहेरची पट्टी हलक्या हातानं.

दुसरं, नंबर पाहून घ्या. एनजीके अन् डेन्सोत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉश अन् चॅम्पियनमध्ये उलटं. एक पोरगा "थंड आणला" म्हणून मोठ्या आकड्याचा बॉश घेऊन आला होता, तो तर कंपनीपेक्षाही गरम निघाला. मी लावला नाही, परत पाठवला. अन् प्लग थंड इंजिनमध्येच बसवा, हेडमधले आटे ॲल्युमिनियमचे हायेत, टॉर्क पाना (ठरल्या जोरानंच आवळणारा) वापरा.

कपाशी_अन्_कार
इरिडियमचा खर्च कशाले पण? तांब्याचा टाका, २० हजार किलोमीटरात फेकून द्या, ठिणगी जोरदार पडते.

पुलगावचा_मिस्त्री
भाऊ, तांबं आत गाभ्यात असते, ठिणगी पडते ते टोक निकेलचं. निकेल लवकर झिजते म्हणजे गॅप लवकर वाढते, अन् टर्बोत तेच तर नको हाय. दर ८-१० हजाराले काढून गॅप पाहायची तयारी असन तर टाका, चालतात. बारीक इरिडियमले व्होल्टेजही कमी लागते. फक्त डबा पाहून घ्या, नकली माल भरपूर हाय.

समृद्धीवाला_कारंजा
मिस्त्री, गॅपचं मानलं. मॅपचंही मानलं. पण धामणगावच्या दादाची गाडी वावरात जाते म्हणून त्याचा प्लग सगळ्यांनी टाकावा, हे मी मानत नाही. माझी गाडी गरम होते अन् तासभर गरमच राहते, तिले काजळीची भीती नाही. मी एक पायरी थंडच ठेवणार. अन् दादा, तू कापूस झाल्यावर बायकापोरांना घेऊन शिर्डीले जाशील, तेव्हा सलग पाच तास हाणशील, त्याचा विचार केला का?

धामणगाव_टीएसआय
केला. १०० च्या वर नेत नाही, पोरं मागं बसलेली असतात. शिर्डीहून आलो की तिन्ही प्लग काढून फोटो टाकतो. नाक पांढरं दिसलं तर तुझ्याच नंबरचे घेतो.